सहलीचा शेवटचा दिवस: तुमचे अनुभव लिहा

शेवंतीची_वेणी
काल दिवाळीची आवराआवर करताना शोकेसमधली तंजावरची बाहुली हातातून निसटली. ती मान डोलावणारी, नाचणारी. फुटली नाही, पण मुंडकं सुटून सोफ्याखाली गेलं. ते काढायला वाकले आणि तिथेच जमिनीवर बसून राहिले.

२०११ ची दक्षिण भारत सहल. नऊ दिवस, चाळीस माणसं. कन्याकुमारी, रामेश्वर, मदुराई करून शेवटचा दिवस तंजावर. रात्री त्रिचीहून गाडी. बॅगा सकाळीच बसच्या पोटात गेलेल्या आणि निम्मी मंडळी मनाने घरी पोचलेली. बृहदीश्वराला दीड तास दिला होता. राजराज चोळाने १०१० साली पुरं केलेलं देऊळ, साठ मीटरच्या वर शिखर. नुसतं मान वर करून बघायलाच दीड तास हवा. त्यात अनवाणी, आणि फरशी तव्यासारखी तापलेली. आम्ही सगळे काथ्याच्या पट्टीवरून पळत होतो.

बाबा कुठे दिसेनात. मी घाबरले, तेव्हा ते ७४ वर्षांचे होते. शेवटी प्राकाराच्या भिंतीशी सापडले, चष्मा कपाळावर, नाक दगडाला टेकलेलं. म्हणाले, "अगं, हे मराठी आहे!" तंजावरवर राज्य करणाऱ्या भोसले घराण्याचा सगळा इतिहास तिथल्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये त्या भिंतीवर कोरून घेतलाय. मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण समोर बघणं वेगळं. बाबा निवृत्त मराठी शिक्षक. पहिलीच्या मुलाला शिकवावं तसं एकेका अक्षराखाली बोट धरून मोठ्यांदा वाचत होते. जुनं वळण, शब्द एकमेकांना चिकटलेले. अडले की मागे जायचे. जवळ बसलेले एक आजोबा उठून आले आणि मराठीत विचारलं, कुठून आलात? शब्द आपले, चाल पूर्ण तमिळ. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं. दोघे भिंतीकडे तोंड करून बोलत राहिले.

बसचा हॉर्न वाजायला लागला. सहलीचा व्यवस्थापक रागाने आत आला, बाबांचं वाचन ऐकून थांबला, हळूच म्हणाला, "काका, अजून दहा मिनिटं," आणि हॉर्न बंद करायला गेला. त्या मुलाला मी अजून दुवा देते.

सरस्वती महाल ग्रंथालय मात्र राहिलं. तिथल्या मोडी कागदांबद्दल बाबा गाडीत रात्रभर बोलत होते. परत येऊ म्हणाले. ते राहिलंच, २०१६ मध्ये बाबा वारले. बाहुली त्यांनी देवळाबाहेर घेतली होती, माझ्यासाठी.

तुमचा शेवटचा दिवस कुठे, कसा गेला? लिहा ना.

कैरीचं_पन्हं
😔 व्यवस्थापकाला माझाही नमस्कार. बाबांचं बोट डोळ्यांसमोर आलं.

ढब्बू_मिरची
वाचतेय. भाजी फोडणीला टाकलीय, रात्री लिहिते. माझाही आहे एक.

लाकूडकाम
आधी बाहुलीचं. फेव्हिकॉल अजिबात लावू नका!! तिचे भाग चिकटवलेले नसतात, आत तारेच्या टोकावर तोललेले असतात. डोकं नीट टोकावर ठेवा, बसेल. चिकटवलंत की डोलणं बंद.

घाटावरची
आमचा काशीला. शेवटचा अख्खा दिवस गडूंमागे. सासूबाईंना गंगेचे अकरा गडू हवे होते, मावंद्याला सगळ्या भावकीत द्यायला. तांब्याचे गडू भरून दशाश्वमेधजवळच्या गल्लीत झाळून घेतले. तो माणूस एकेक गडू मांडीत धरून तोंडाशी कथिल फिरवायचा, उलटा करायचा, तळहातावर थेंब येतो का बघायचा. घाई नाही. आम्ही चौघं घड्याळ बघतोय आणि सासूबाई त्याच्या समोर पाट घेऊन बसलेल्या, त्याच्या मुलीच्या लग्नाचं विचारत.
निघताना परत विश्वनाथाच्या दर्शनाला. आताच्या धामात अहिल्याबाईंचा पुतळा आहे, तिथे सासूबाईंनी आधी हात जोडले. म्हणाल्या, ही बाई नसती तर आपण कुठे आलो असतो. १७८० चं देऊळ त्यांनीच बांधलेलं.
विमानतळावर गडू हातातल्या सामानात चालेनात. तिथेच फरशीवर बॅग उघडून साड्यांच्या घड्यांत कोंबले. एकही गळला नाही.

कैरीचं_पन्हं
@घाटावरची मावंद्याला पुरण का लाडू? आमच्याकडे पुढच्या महिन्यात आहे, साठ पानं. सुचवा काहीतरी.

घाटावरची
पुरणच. साठ पानांना आचारी बघा, स्वतः उभ्या राहू नका. व्यक्तिगत निरोप पाठवते.

बोरूबहाद्दर
इस्तंबूल, शेवटचा दिवस रविवार. ग्रँड बझार रविवारी बंद असतो!! हे आम्हाला दारात उभं राहिल्यावर कळलं. आठ दिवस सगळ्यांनी खरेदी त्या दिवसासाठी ठेवलेली. बायकांचे चेहरे बघवत नव्हते. निम्मे मसाल्याच्या बाजारात गेले, तो उघडा होता. मी आणि बायको एमिनोनूच्या धक्क्यावर गेलो आणि समोर जी बोट लागली होती तीत बसलो. उस्कुदारला जात होती. शहरातली रोजची बोट, आपल्या भाऊच्या धक्क्यावरच्या लाँचसारखी. लोक पेपर वाचतायत, पोरं समुद्रपक्ष्यांना सिमितचे, म्हणजे तीळ लावलेल्या गोल पावाचे, तुकडे टाकतायत. वीस मिनिटांत युरोपातून आशियात. तिकडे पायऱ्यांवर बसून छोट्या पेल्यातला चहा घेतला. समोर अख्खं जुनं शहर, मिनार, ५३७ साली बांधलेल्या आया सोफियाचा घुमट. आत गर्दीत मान वर करून पाहिला होता तोच. ३२ वर्षांच्या संसारात आम्ही दोघं काहीही न ठरवता असे कधी बसलो नव्हतो. त्याच बोटीने परत आलो.

लाकूडकाम
बोटीचं पटलं. आमचा आग्र्याचा शेवटचा दिवस शुक्रवार निघाला, ताज बंद. कार्यक्रमपत्रिका छापणाऱ्यांनी एवढंही बघू नये? आई पहिल्यांदाच महाराष्ट्राबाहेर आली होती. शेवटी रिक्षा करून यमुनेपलीकडे मेहताबबागेत नेलं. लांबून, पण कुणी पुढे ढकलत नव्हतं. आई तासभर बसली. पैसे परत मिळाले नाहीत. राग अजून आहे.

माहेरवाशीण_७२
पहिल्यांदाच लिहितेय, चूकभूल द्याघ्या.
यजमान गेल्यावर दोन वर्षांनी मुलीने बायकांच्या राजस्थान सहलीत नाव घातलं. मला जायचं नव्हतं. खोलीत जोडीला सोलापूरच्या एक ताई, आधी ओळख ना पाळख. शेवटचा दिवस जयपूर. हवामहाल झाला, मग त्या मला ओढून मनिहारोंका रास्ता म्हणतात त्या गल्लीत घेऊन गेल्या. लाखेच्या बांगड्या तिथे समोर करतात. शेगडीवर लाख तापवून मऊ करायची, लाकडी ठोकळ्याने लांब वळायची, टोकं जोडायची, लाकडावर घालून माप घ्यायचं, गरम असतानाच खडे दाबायचे. ताईंनी माझा हात पुढे केला, "हिच्या मापाच्या द्या." मी हात मागे घेतला. मी बांगड्या सोडल्या होत्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी. ताई काही बोलल्या नाहीत, नुसता हात धरून ठेवला. कारागीर बाई होती, तिने माझ्याकडे बघून हिरवा रंग बाजूला ठेवला आणि मोरपंखी घेतला. बांगडी हातात गेली तेव्हा कोमट होती.
अजून घालते. ताईंचा फोन दर रविवारी येतो.

शेवंतीची_वेणी
@माहेरवाशीण_७२ काहीच चुकलं नाही हो. डोळे भरून आले. अशाच लिहीत राहा.

घाटावरची
ताईंना नमस्कार सांगा आमचा सगळ्यांचा.

बोरूबहाद्दर
विमानात १५ किलोच चालतं का आता? कुंभकोणमहून फिल्टर आणि कॉफी पावडर आणायची आहे, कुणी जाणार आहे का तिकडे?

ढब्बू_मिरची
आले. पोरं झोपली.
माझी सहल शाळेची, सातवीतली, लाल एसटी, पाच दिवस. शेवटचा मुक्काम विजापूर. मी घर सोडून पहिल्यांदाच राहिले होते आणि चौथ्या रात्री रडून ताप आणला होता. बाई म्हणाल्या, गोलघुमट बघितला की घरी. त्या अरुंद जिन्यांवरून वर, घुमटाच्या आतल्या सज्जात. १६५६ चं बांधकाम, आणि भिंतीशी कुजबुजलं तरी पलीकडच्याला ऐकू जातं. मुलं शिट्ट्या मारत होती, टाळ्या वाजवत होती. बाईंनी सगळ्यांना गप्प केलं आणि मला म्हणाल्या, आता तू हाक मार. मी "आई" म्हणाले, फार जोरात नाही. ती हाक सगळीकडून परत आली. सात वेळा मोजली मी. मैत्रिणी पण गप्प. मग सगळ्यांनीच आपापल्या आईला हाका मारल्या.
आता माझी मुलगी सातवीत आहे, डिसेंबरात सहल आहे. कुठे ते अजून ठरलेलं नाही.

लाकूडकाम
विजापूर सुचवा बाईंना.
@शेवंतीची_वेणी फेव्हिकॉल लावला नाहीत ना?

शेवंतीची_वेणी
नाही. तुमचं वाचून आत तार चाचपली, टोक लागलं, डोकं बसलं. पंखा लावला की मान हलवतेय.