आजचा तुर्कस्तान समजून घ्यायचाय: राष्ट्रवाद आणि इस्लाम एकत्र कसे आले? सुरुवात कुठून करू?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी, थोडं मार्गदर्शन हवंय.

आमच्या वाचनकट्ट्यावर पाळीपाळीने एकेकाने विषय मांडायचा असतो. माझ्या वाट्याला तुर्कस्तान आलाय. नंतर तिकडे प्रत्यक्ष जाणंही होणार आहे. भाचा इस्तंबूलला नोकरीला आहे, त्यामुळे राहायची सोय आहे आणि अंकाराही करता येईल.

अडचण अशी की शाळेत शिकलो ते केमाल पाशापर्यंत. खिलाफत बुडवली, फेज टोपी गेली, लिपी बदलली. त्यानंतर थेट एर्दोआन आणि हागिया सोफियातला नमाज. मधली साठ-सत्तर वर्षं कोरी. परवा एका लेखात 'तुर्क-इस्लाम समन्वय' असा उल्लेख आला आणि गोंधळ आणखी वाढला. राष्ट्रवादी म्हणजे केमालवाले आणि इस्लामवाले म्हणजे त्यांचे विरोधक, अशीच माझी समजूत होती.

कोणत्या क्रमाने वाचू? तिथे गेल्यावर काय बघू? पुस्तकांच्या याद्या नेटवर ढिगाने मिळतात, मला आधी सांगाडा हवाय. त्या तुर्की ऐतिहासिक मालिका सुचवू नका प्लीज, घरात रोज रात्री तलवारी चालू असतात.

टिवल्याबावल्या

राजकारणाचं जाणकार सांगतीलच. माझ्याकडून एवढंच: एमिनोन्यूच्या धक्क्यावर माशाचं सँडविच खा. वाचनखूण साठवतोय.

हिंडफिरा

छान विषय. माझा सल्ला: केमाल पाशापासून सुरुवात करू नका. तिथून गेलात की 'आधी सेक्युलर होते, मग धार्मिक झाले' या रुळावरून गाडी उतरतच नाही. 12 सप्टेंबर 1980 पासून सुरू करा.

त्या दिवशी लष्कराने सत्ता हातात घेतली. त्याआधीची काही वर्षं डावे आणि उजवे तरुण एकमेकांवर रस्त्यात गोळ्या झाडत होते. उठावाचे प्रमुख जनरल केनान एव्हरेन स्वतःला अतातुर्कचे (म्हणजे केमाल पाशाचे) वारस म्हणवायचे, पण जाहीर सभांत कुराणातली वचनं सांगायचे. इमामाचेच चिरंजीव ते. त्यांच्या राजवटीत आलेल्या 1982 च्या संविधानाच्या 24 व्या कलमाने शाळेत धर्माचा तास सक्तीचा केला. सेक्युलर म्हणवणाऱ्या लष्कराने! हेतू उघड होता. डाव्या विचाराला उतारा हवा होता आणि नुसता कोरडा केमालवाद तो देऊ शकत नव्हता.

हा उतारा आयता तयार होता, तोच तुम्ही वाचलेला 'तुर्क-इस्लाम समन्वय'. 1970 साली इस्तंबूलमध्ये 'आयदिनलार ओजाई' नावाचं प्राध्यापक-विचारवंतांचं मंडळ निघालं होतं. इतिहासकार इब्राहिम काफेसओलू त्याचे पहिले अध्यक्ष. त्यांची मांडणी थोडक्यात अशी: मध्य आशियातल्या तुर्कांचे गुण इस्लामशी मुळातच जुळणारे होते, म्हणून इस्लाममध्ये तुर्क फुलले आणि तुर्कांमुळे इस्लाम टिकला. कुटुंब, मशीद, सैन्य हे समाजाचे खांब. यात 'तुर्क आधी की मुसलमान आधी' हा प्रश्नच उरत नाही. माझ्या मते इतिहास म्हणून हे बरंच ओढूनताणून आहे, पण सरकारला सोयीचं असं यापेक्षा काय मिळणार?

आता गंमत बघा. हेच विचार रस्त्यावर मांडणारा पक्ष होता अल्पार्सलान त्युर्केश यांचा एमएचपी, म्हणजे राष्ट्रवादी चळवळ पक्ष. हे माजी कर्नल, 1960 च्या लष्करी उठावाची घोषणा रेडिओवर यांच्याच आवाजात झाली होती. पक्षाचा कडवा वंशवादी गट इस्लामला अरबांची आयात समजायचा, त्याला जुन्या तुर्कांचा लांडगा प्यारा. 1969 च्या अदाना अधिवेशनात पक्षाचं नाव बदललं, चिन्ह म्हणून उस्मानी धाटणीच्या तीन चंद्रकोरी आल्या आणि लांडगा युवक संघटनेकडे गेला. घोषणा काय, तर 'तिएन शान पर्वताइतके तुर्क, हिरा पर्वताइतके मुसलमान' (पहिला मध्य आशियातला, दुसरा मक्केजवळचा). अनातोलियातल्या धार्मिक खेड्यांत मतं मिळवायची तर दुसरा इलाज नव्हता. 1980 नंतर लष्कराने याच पक्षावर बंदी घातली, त्युर्केशना आत टाकलं, पण धोरण बरंचसं त्यांचंच राबवलं. खटल्यातला त्यांचा एक नेता म्हणालाच, आमचे विचार सत्तेवर आणि आम्ही तुरुंगात.

हे नीट डोक्यात बसलं की पुढचं सोपं. लष्करानंतर पंतप्रधान झालेले ओझाल, इस्लामवादी पक्षांचे नेते एर्बाकान आणि एर्दोआन हे मग आकाशातून पडल्यासारखे वाटत नाहीत.

मूर्तिभंजक

हिंडफिरा, मांडणी रंगतदार, पण 1980 फार उशिराचं वर्ष आहे. राष्ट्र आणि धर्म तिथे पहिल्यापासून एकमेकांत गुंतलेले आहेत, केमाल पाशाच्या काळातसुद्धा.

1923 ची तुर्कस्तान-ग्रीस लोकसंख्या अदलाबदल बघा. कोण तुर्क आणि कोण ग्रीक हे कशावरून ठरवलं? भाषेवरून नाही, धर्मावरून. अनातोलियातले करामनली ख्रिश्चन घरात तुर्की बोलायचे, त्यांना ग्रीसला पाठवलं. क्रीट बेटावरच्या मुसलमानांना तुर्की धड येत नव्हती, ग्रीक यायची, ते तुर्क ठरले. ज्या वर्षी सेक्युलर प्रजासत्ताक जन्मलं त्याच वर्षीची ही गोष्ट. धर्मखातं तरी कुठे बंद केलं? 1924 मध्ये खिलाफत गेली आणि त्याच दिवशी दियानेत हे सरकारी खातं आलं. इमाम सरकारी पगारावर.

त्यामुळे कोयनाकाठ, माझा सल्ला: युसुफ आक्चुरा आणि झिया ग्योकाल्प या तुर्की राष्ट्रवादाच्या दोन विचारवंतांपासून सुरू करा. आक्चुराने 1904 मध्ये तीन वाटा मांडल्या: उस्मानी प्रजा म्हणून एक होणं, मुसलमान म्हणून एक होणं किंवा तुर्क म्हणून. ग्योकाल्प म्हणाला, तुर्क राष्ट्राचा, इस्लामी उम्मतचा (जगभरच्या मुसलमान समाजाचा) आणि पाश्चात्त्य संस्कृतीचा, असं तिन्ही एकदम होता येतं. काफेसओलू मंडळींनी त्यातला तिसरा पाय बराच आखूड केला, एवढाच फरक.

आणि हो, 1997 मध्ये सिइर्तच्या सभेत एर्दोआननी म्हटलेली कविता, जिच्यामुळे त्यांना तुरुंगात जावं लागलं, ती ग्योकाल्पच्या नावावर सांगितली जाते. मिनारांना संगिनी म्हणणारी.

हिंडफिरा

मूर्तिभंजक, अदलाबदलीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, कट्ट्यावर तो जरूर सांगावा. पण 1932 ते 1950 अजानसुद्धा अरबीत द्यायची सोय नव्हती, तुर्कीतच. त्या सरकारला मुसलमान प्रजा हवी होती, पण तिचा धर्म सरकारी चौकटीत गप्प बसलेला हवा होता. 1980 नंतर सरकार स्वतःच धर्म बोलायला लागलं. पन्नास वर्षांत एवढं अंतर पडलं, ते कसं पडलं हाच तर कोयनाकाठ यांचा विषय आहे. म्हणून मी 1980 वर अडून बसतो.

सरळरेषा

हे सगळं ओळखीचं नाही का वाटत? नावं बदला आणि आपल्याकडे…

धागासंपादक

इथेच थांबू या. तुलनेसाठी वेगळा धागा काढा, तिथे मनसोक्त भांडा.

भायखळाकर

संपादक रागावणार नाहीत असा एक खरा मुंबईचा संबंध सांगतो. भायखळ्याला लव्ह लेनवर खिलाफत हाऊस आहे. ईद-ए-मिलादचा जुलूस तिथूनच निघतो, बऱ्याच जणांनी पाहिला असेल. खिलाफत समितीचं मुख्य ठाणं मुंबईतच होतं आणि अध्यक्ष होते लाकडाचे व्यापारी शेठ छोटानी. इथे गांधीजींसकट लोक खलिफासाठी रस्त्यावर उतरत होते आणि अंकाराला तोच खलिफा अडचणीचा झाला होता.

1923 च्या अखेरीस आगाखान आणि अमीर अली या भारतीय मुसलमान नेत्यांनी खलिफाचा मान राखा म्हणून तुर्की पंतप्रधान इस्मत पाशांना पत्र लिहिलं. ते इस्तंबूलच्या वर्तमानपत्रांत छापून आलं आणि अंकाराचं पित्त खवळलं. बाहेरचे लोक, तेही शिया, सुन्नी खलिफाची वकिली करणार? 3 मार्च 1924 ला खिलाफत संपली. पत्रामुळेच संपली असं नाही, पण आयतं निमित्त मिळालं. कट्ट्यावर सुरुवातीला सांगा, लोक सावरून बसतील.

रानजाई

मी काही काळ अंकाराला राहिले आहे, त्यामुळे बघण्याबद्दल माझ्याकडून. इस्तंबूलमध्येच सगळा वेळ घालवू नका. हायस्पीड रेल्वेने साडेचार तासांच्या आसपास लागतात.

उलुस भागात पहिल्या संसदेची इमारत आहे, आता संग्रहालय. जवळच हाजी बायराम मशीद. 23 एप्रिल 1920 ला शुक्रवारचा नमाज इथे पढून मग मंडळी संसद उघडायला गेली. मशिदीला खेटूनच रोमन सम्राट ऑगस्टसचं देऊळ उभं आहे. मूर्तिभंजक म्हणतात त्याचा पुरावा चालत दहा मिनिटांत मिळेल.

मग ताजेद्दीन दर्गा. छोटंसं घर आहे. मेहमेत आकिफ यांनी 1921 मध्ये राष्ट्रगीत इथे लिहिलं. आकिफ इस्लामवादी, पण राष्ट्रगीत त्यांचं. इथेच मुहसिन याझिजिओलू यांची कबर आहे. त्युर्केशांच्या तालमीतले, 1980 नंतर अनेक वर्षं ममाक लष्करी तुरुंगात. पक्षात धर्म कमी पडतोय म्हणून ते बाहेर पडले आणि 1993 मध्ये त्यांनी वेगळा पक्ष काढला. 2009 ला हेलिकॉप्टर कोसळून गेले. त्यांच्या कबरीपाशी येणाऱ्या लोकांकडे बघत थोडा वेळ बसा.

आणि कोजातेपे मशीद चुकवू नका. माझी सगळ्यात आवडती गोष्ट हीच. 1957 च्या स्पर्धेत वेदात दालोकाय यांचं अगदी आधुनिक डिझाइन निवडलं गेलं, पायाही घातला. मग लोकांना ते मशिदीसारखं वाटेना, काम पाडलं आणि सोळाव्या शतकाची नक्कल वाटावी अशी भव्य उस्मानी मशीद उभी केली. ती 1987 ला ओझालनी उघडली. खाली चक्क मोठं दुकान, वर नमाज. ओझाल काळ डोळ्यांनी बघायचा तर याहून चांगली जागा नाही. दालोकायांनी पुढे इस्लामाबादची फैसल मशीद बांधली! सेक्युलर राजधानीला नको असलेला आधुनिकपणा पाकिस्तानला चालला.

इस्तंबूलमध्ये हागिया सोफिया बघालच (1934 च्या निर्णयाने संग्रहालय, 2020 पासून पुन्हा मशीद). पण तकसीम चौकातली नवी मशीदही बघा, 2021 ची. प्रजासत्ताकाच्या स्मारकासमोर उभी आहे. जागा कशी निवडली ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

एक गोष्ट वर कुणीच बोललं नाही. या समन्वयातला इस्लाम म्हणजे सुन्नी इस्लाम. अलेवी लोक, म्हणजे तिथला सुन्नी नसलेला मोठा मुसलमान पंथ, त्यात बसत नाहीत. डिसेंबर 1978 मध्ये मराशला शंभराहून जास्त माणसं मारली गेली, त्यांत बहुतेक अलेवी. मारणाऱ्यांत उजव्या राष्ट्रवादी तरुणांचा मोठा हात होता. अलेवींच्या मुलांनाही शाळेत तोच सक्तीचा सुन्नी तास, ज्यावर 2007 मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने तुर्कस्तानविरुद्ध निकाल दिला. हे वगळून कट्ट्यावर बोललात तर विषय फार गोडगोड होईल.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन शंका. कुर्द यात कुठे बसतात? आणि एर्दोआन या परंपरेतले म्हणायचे की एर्बाकानच्या?

हिंडफिरा

एर्दोआन एर्बाकानच्या मिल्ली ग्योरुश या इस्लामवादी चळवळीत वाढले. ती परंपरा उम्मतवाली, त्युर्केशांशी तिची स्पर्धा. पण मतपेटीपुढे अंतर मिटतं. 1991 मध्ये संसदेत जायला लागणारी 10 टक्के मतांची अट पार करायला एर्बाकान आणि त्युर्केश एकाच यादीवर लढले आणि जवळपास 17 टक्के मतं घेऊन आत आले. एर्दोआननी सुरुवातीची वर्षं युरोप, सुधारणा, कुर्दांशी बोलणी अशी वाट धरली. 2015 नंतर ती सुटली. 2018 ला त्यांच्या पक्षाला 600 पैकी 295 जागा, म्हणजे बहुमताला बाहचेलींच्या एमएचपीचा टेकू लागला. आजचं सरकार हा समन्वय आघाडीच्या रूपात आहे असं मी म्हणेन.

कुर्दांचं अवघड आहे. 'आपण सगळे मुसलमान भाऊ' हे त्यांना सांगायला बरं, पण वाक्याच्या शेवटी राष्ट्र तुर्कच निघतं. तरीही ऑक्टोबर 2024 मध्ये पीकेके या कुर्दांच्या सशस्त्र संघटनेचा तुरुंगातला नेता ओजालान याने संसदेत येऊन बोलावं ही सूचना खुद्द बाहचेलींनी केली आणि मे 2025 मध्ये पीकेकेने विसर्जन जाहीर केलं. यावर कट्ट्यावर ठाम काही बोलू नका, चित्र अजून हलतंय.

रानजाई

जाण्याआधी एक व्यवहाराची सूचना. मधली दोन बोटं आणि अंगठा जुळवून तर्जनी-करंगळी वर, ही खूण फोटोत चुकूनही करू नका. आपल्याकडे रॉक कॉन्सर्टला पोरं साधारण असंच काहीतरी करतात, तिथे तो वर सांगितलेल्या राष्ट्रवाद्यांचा लांडगा आहे. 2024 च्या युरो फुटबॉल स्पर्धेत तुर्की खेळाडू मेरिह देमिरालने गोल केल्यावर तो दाखवला आणि दोन सामने बाहेर बसला. ऑस्ट्रियात तर 2019 पासून बंदीच आहे. परत येताना व्हिएन्नाला विमान बदलणार असाल तर भाच्याला सांगून ठेवा.

टिवल्याबावल्या

आणि माशाच्या सँडविचमधले काटे बघून खा.