आरव्ही घेऊन लडिंग्टन स्टेट पार्क: तयारी, खाचाखोचा, अनुभव

मिशिगणकर (धागाकर्ता)

उन्हाळा जवळ आला की डेट्रॉईट आणि शिकागोकडच्या मराठी गटांत हमखास विचारणा होते: भाड्याची आरव्ही (आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन तळ्याकाठी राहायचंय, काय काय बघावं? चर्चा भरकटू नये म्हणून ठिकाण एकच धरू. लडिंग्टन स्टेट पार्क, मिशिगन. पश्चिमेला लेक मिशिगन, पूर्वेला हॅमलिन लेक, आणि दोघांना जोडणारी जेमतेम मैलभराची बिग सेबल नदी. 'आम्ही गेलो, मुलांनी धमाल केली' हे फोटोंच्या धाग्यावर टाका. इथे काय करायचं, किती लागतं, काय बिघडतं आणि का, तेवढंच लिहा.

आरक्षणापासून सुरू करतो. ते मुक्कामाच्या तारखेच्या बरोबर सहा महिने आधी, सकाळी ८ वाजता उघडतं. म्हणजे १० जुलै हवी असेल तर १० जानेवारी. शिकागोवाल्यांनी लक्षात ठेवा, हे ८ मिशिगनचे. तुमच्याकडे तेव्हा ७ वाजलेले असतात. आदल्या रात्रीच खातं उघडून, गाडीची लांबी भरून, पसंतीच्या चार-पाच जागांचे क्रमांक कागदावर लिहून ठेवा. पाइन्स हा भाग लेक मिशिगनला आणि दीपगृहाच्या वाटेला जवळ, बीचवुड हॅमलिन लेककडे. नाहीच मिळाली तर रद्द झालेल्या जागांवर नजर ठेवा, आणि शनिवार-रविवारचा हट्ट सोडा.

नंबरप्लेट

वर एक गोष्ट राहिली. आरक्षण वेगळं आणि प्रवेशाचा रिक्रिएशन पासपोर्ट वेगळा. मिशिगनमध्ये तो गाडीच्या नोंदणीला जोडलेला असतो. घरच्या गाडीचा पासपोर्ट भाड्याच्या आरव्हीला चालत नाही, आणि आरव्हीची पाटी दुसऱ्या राज्याची असेल तर बाहेरच्यांचा दर लागतो, मग चालवणारा मिशिगनचा का असेना. गाडी ठरवतानाच विचारून घ्या.

भाड्याच्या करारात तीन आकडे बघा: रोजचे मोफत मैल, जनरेटरचे मोफत तास, आणि सांडपाण्याच्या टाक्या भरलेल्या परत केल्यास होणारा दंड. २५ ते २८ फुटी क्लास सी (व्हॅन किंवा ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली आरव्ही) गाडी गॅलनला साधारण ८ ते १० मैल देते. ताशी ६०-६२ मैलांवर ठेवली तर पेट्रोलही वाचतं आणि बाजूने ट्रक गेल्यावर गाडी हेलकावेही कमी खाते.

कांदेपोहे

सगळ्यात जास्त गोंधळ विजेचा. ३० अँपिअरची जागा म्हणजे १२० व्होल्टला ३६०० वॅट, आणि सलग वापरासाठी ८० टक्केच धरायचे, म्हणजे २४ अँपिअर. आता बेरीज करा: एसी चालू असताना १२-१३, मायक्रोवेव्ह १३, चहाची विजेची किटली १२.५. एसी आणि किटली कशीबशी जमतात, तिसरं काही लावलं की ब्रेकर पडतो. पाणी तापवायचा हीटर विजेवर ठेवला असेल तर तोही गुपचूप ११-१२ अँपिअर खात असतो. तो गॅसवर करून टाका, निम्मी डोकेदुखी जाते. किटली आणि इन्स्टंट पॉट (विजेचा कुकर) शेजारशेजारच्या प्लगवर लावले तर एसी बंद असूनही ब्रेकर पडतो, कारण ते प्लग बहुधा एकाच १५ अँपिअरच्या सर्किटवर असतात.

गाडीची वीज जोडताना आधी जागेवरच्या विजेच्या खांबावरचा ब्रेकर बंद, मग सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणारं यंत्र), मग केबल, मग ब्रेकर चालू. जुलैच्या दुपारी सगळ्यांचे एसी सुरू असताना व्होल्टेज खाली येतं. १०४ च्या खाली एसीच्या कॉम्प्रेसरचं नुकसान होऊ शकतं. तेव्हा कमी व्होल्टेजला स्वतःहून तोडणारा प्रोटेक्टर घ्या. नुसता सर्ज रोखणारा स्वस्तातला इथे उपयोगाचा नाही.

स्वयंपाक गॅसवर. पाच लिटरचा कुकर शेगडीवर बसतो, शेजारी कढई बसत नाही. फोडणी घालण्याआधी खिडकी उघडी आणि छताचा पंखा चालू, नाहीतर मोहरी तडतडायच्या आत धुराचा अलार्म कोकलतो. अलार्मची बॅटरी काढून ठेवायचा 'उपाय' कृपया कुणी सुचवू नका. तळण, मासे, मिरचीचा ठेचा हे बाहेर बाकावर, वाऱ्याला आडोसा असलेल्या दोन बर्नरच्या शेगडीवर.

खरकटं

जागेवर वीज मिळते, पण पाण्याचा आणि सांडपाण्याचा नळ मिळणार नाही असंच धरून निघा. आत शिरल्यावर आधी पाणी भरायचं, मग जागेवर जायचं. साधारण टाक्या: ताजं पाणी ४० गॅलन, ग्रे (सिंक आणि अंघोळीचं सांडपाणी) ३०, ब्लॅक (संडासाचं) ३०. आधी संपते ती ग्रेची जागा. चौघांनी आत मोकळेपणाने अंघोळ केली तर ग्रे टाकी दुसऱ्या दिवशी भरते. अंघोळी पार्कच्या न्हाणीघरात केल्या तर भांड्यांच्या पाण्यावर तीन दिवस आरामात निघतात.

आपल्या जेवणाचा खास त्रास म्हणजे तेल आणि डाळभात. खरकटं आधी कागदाने पुसून कचऱ्यात टाका, मगच ताट सिंकमध्ये, आणि सिंकला बारीक जाळी. तेलाचा थर टाकीच्या सेन्सरवर बसला की रिकामी टाकीही दोन तृतीयांश भरलेली दाखवते, आणि भाताची शितं आत कुजून मोरीसारखा वास येतो. भांड्यांचं पाणी झाडाखाली ओतायला मनाई आहे.

ब्लॅक टाकीत दर वेळी भरपूर पाणी सोडा. पाणी वाचवायला गेलं की मैला तळाशी साठून घट्ट होतो आणि झडप उघडली तरी हलत नाही. निघताना डंप स्टेशनवर (सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा): हातमोजे, पाईप दोन्हीकडे घट्ट, आधी ब्लॅक, ती बंद, मग ग्रे. ग्रेचं साबणपाणी पाईप धुऊन काढतं, म्हणून हाच क्रम. नंतर ब्लॅकमध्ये तीन-चार गॅलन पाणी आणि औषध. पिण्याचा पाईप या भागात आणायचाच नाही, वेगळ्या कप्प्यात ठेवायचा.

मिशिगणकर (धागाकर्ता)

@खरकटं +१. फ्रीजचंही सांगा कुणीतरी.

कांदेपोहे

जुन्या धाटणीचा गॅस-वीज दोन्हींवर चालणारा फ्रीज थंड व्हायला दहा-बारा तास घेतो. आदल्या रात्री चालू करा, सामान घरूनच गार करून भरा, आणि उभी गाडी सपाट करा. कलती राहिली तर आतला अमोनिया नीट फिरत नाही, फ्रीज गार होत नाही आणि शेवटी कायमचा बिघडतो. पार्कमध्ये जमीन वाळूची, म्हणून चाकांखाली घालायच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांखाली फळी ठेवा.

वल्हं

पाण्याबद्दल. लेक मिशिगनच्या किनाऱ्यावर लाइफगार्ड नसतात, झेंडे असतात. लाल म्हणजे पाण्यात उतरू नका, दोन लाल म्हणजे पाणी बंद. ऊन छान असलं तरी वारा उत्तरेचा किंवा जमिनीवरून तळ्याकडे असेल तर वरचं कोमट पाणी ढकललं जातं आणि खालचं गार वर येतं. एका रात्रीत पाणी बर्फासारखं होतं. लहान मुलं असतील तर त्या दिवशी हॅमलिन लेक. ट्यूबवर बसून बिग सेबल नदीतून वाहत जायलाही तोच दिवस बरा.

१८६७ चं ११२ फुटी बिग सेबल दीपगृह बघायला पाइन्सपासून एका बाजूने पावणेदोन मैलांच्या वर चालावं लागतं. सावली कमी, पाणी बरोबर हवंच.

जळाऊ लाकूड घरून नेऊ नका. अॅश जातीची झाडं पोखरणारा एमराल्ड अॅश बोरर हा किडा २००२ मध्ये डेट्रॉईट भागात सापडला आणि लाकडातूनच दूरवर पोचला. तिथलंच, किंवा उष्णतेची प्रक्रिया केल्याचा शिक्का असलेलं घ्या.

बोटवाला

विस्कॉन्सिनवाल्यांनी शिकागोला वळसा घालायची गरज नाही. मॅनिटोवॉकहून एसएस बॅजर ही १९५३ पासूनची कोळशावर चालणारी बोट साधारण चार तासांत लडिंग्टनला आणते, आरव्हीसकट. लांबी सांगताना मागच्या सायकलरॅकसह सांगा. घड्याळ तासभर पुढे करा.

नंबरप्लेट

गाडी मागे घेताना खाली उतरलेला माणूस आरशात दिसेनासा झाला की थांबायचं. क्लास सीचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे असतो, त्यामुळे वळताना शेपूट उलट्या बाजूला फेकली जाते. पेट्रोलपंपाचे खांब तिथेच घासतात. उंची साडेअकरा फुटांच्या आसपास, ती लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा.

आणि जागा सोडायची वेळ दुपारी १ ची. रविवारी ११ नंतर डंप स्टेशनवर रांग लागते, त्यामुळे नाश्त्याच्या आधीच टाक्या रिकाम्या करून या.