मदत हवी: सोयाबीन गावातच द्यावं की नागपूरच्या कळमना बाजारात न्यावं? छोट्या कास्तकारांनी मिळून माल नेल्याचा अनुभव आहे का?

राम राम मंडळी,

उमरेड तालुक्यातलं आमचं गाव. बहुतेकांची वावरं दोन-चार एकरांची. सोयाबीन निघालं की गावातल्याच व्यापाऱ्याच्या काट्यावर जातं. कळमन्याचा भाव मोबाईलवर सगळेच पाहतात, क्विंटलमागे दोनशे-तीनशेचा फरक दिसतो, तरी कोणी हलत नाही.

आठ-दहा क्विंटल मालासाठी भाडं पूर्ण गाडीचं. वर हमाली, तोलाई. हर्रासात (लिलावात) माल ओला ठरला तर परत कोण आणतो? मिळेल त्या भावात द्यावा लागतो, आणि हे घेणाऱ्यालाही पक्कं ठाऊक असतं. गावातला व्यापारी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून खालचा दाणा काढतो, दाताखाली फोडतो अन् भाव बोलतो. वजनातून कडता कापतोच, पण संध्याकाळी नगदी पैसे देतो. शिवाय जूनमध्ये बियाणं-खत उधारीवर त्याच्याकडूनच आणलेलं. त्याला डावलून माल नेला तर पुढच्या पेरणीला कोणाच्या दारात जायचं?

हमीभाव केंद्राचं म्हणाल तर २०२५-२६ चा भाव ५,३२८ रुपये, पण ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. सोंगणीत पाऊस आला की संपलं. नोंदणीला पीकपेरा लागलेला सातबारा लागतो. दुसऱ्याचं वावर मक्त्याने करणाऱ्याने तो कुठून आणायचा? त्यात चुकारा (मालाचे पैसे) बँकेत जमा होतो. कर्ज थकलेलं असेल तर बँक तो कर्जात वळता करून घेईल ही धास्ती. चारचौघांत कोणी बोलत नाही, पण मला तर हेच मोठं कारण वाटतं.

यंदा सात-आठ घरं मिळून एक गाडी करावी म्हणतोय. सगळ्यांचा माल एकत्र ओतावा की वेगळा ठेवावा? एकाचं सोयाबीन ओलं निघालं तर सगळ्यांचा भाव पडेल ना? आणि दिवाळीपुरते पैसे घेऊन बाकी माल थांबवायची काही सोय आहे का?

प्रतिसाद :

भाऊ, मिसळू तर अजिबात नका, भांडणं होतील. गाडी एक, पण पोत्यांवर खुणा आणि अडत्याकडे प्रत्येकाच्या नावाची वेगळी हिशेबपट्टी. गटात मिळून मॉइश्चर मीटर घ्या, म्हणजे ज्याचं ओलं आहे त्याला निघायच्या आधीच कळेल.

थांबवायचं असेल तर पणन मंडळाची शेतमाल तारण योजना बघा. बाजार समितीमार्फत गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, १८० दिवसांपर्यंत, वर्षाला ६ टक्के दराने व्याज. तिथेही माल वाळलेलाच लागतो. तुमच्या समितीत ती सध्या सुरू आहे का, हे मात्र आधी विचारून घ्या.

आणि उधारीवर बियाणं-खत घेता त्याचा नगदी भाव दुसऱ्या दुकानात विचारून पाहा. फरक किती निघतो ते इथे लिहा, मग गाडीभाड्याचा हिशेब करू.