मोठ्या अपघातात कॅज्युअल्टीची सूत्रं इन्चार्ज सिस्टरकडे द्यावीत का?

गोदाकाठची सिस्टर: २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, नाशकात घाट, पार्किंग, रस्ते सगळ्यावर बोलणं चालूय, पण एकदम चाळीस जखमी दारात आले तर आत कोण कुणाला सांगणार यावर कुणी बोलत नाही. २००३ च्या कुंभात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले, विसरलो का आपण? आमच्याकडे एकदा वऱ्हाडाची गाडी उलटली. दोन बेशुद्ध पेशंट, तपासणीसाठी काढलेल्या दोघांच्याही रक्ताच्या बाटलीवर नुसतं "अनोळखी पुरुष". ग्रुपिंगला, म्हणजे रक्तगट तपासायला, जायच्या आधी आमच्या सीनियर सिस्टरने पकडलं म्हणून, नाहीतर एकासाठीचं रक्त दुसऱ्याला चढलं असतं. तेव्हापासून ती दारातच मनगटाला नंबर बांधते. माझं म्हणणं, डॉक्टरांनी पेशंट बघावा. बेड, ऑक्सिजन, मामा (वॉर्डबॉय), रक्त, नातेवाईक हे सगळं इन्चार्ज सिस्टरच्या हातात द्यावं, तेही लेखी.

रात्रपाळीचा सर्जन: लेखी नको. लाल पट्टी (लगेच उपचार) कुणाला, पिवळी (थोडं थांबू शकतो) कुणाला हा उपचाराचाच निर्णय आहे, आणि दर थोड्या वेळाने तो बदलतो. आता बोलणारा माणूस पोटातल्या रक्तस्रावाने अर्ध्या तासात कोसळू शकतो. एमएलसीवर (पोलीस केसच्या वैद्यकीय नोंदीवर) सही माझी, कोर्टात उभा मी, मग हुकूम दुसऱ्याचा कसा चालेल?

गोदाकाठची सिस्टर: सर, पट्टीचा रंग तुम्हीच ठरवा ना. पण ओटी (ऑपरेशन थिएटर) रिकामी आहे का हे विचारायला तुम्ही पेशंट सोडून फोनवर जाता, ते थांबवा एवढंच मागतेय.

सिडकोवाली: मीही सिस्टरच आहे आणि मी विरोधात आहे. रात्री अख्ख्या वॉर्डला आम्ही दोघी, त्यातली एक वॉकीटॉकी घेऊन उभी राहिली तर सलाईन कोण लावणार? आधी माणसं द्या, मग सूत्रं द्या. शिवाय काही चुकलं की "सिस्टरने सांगितलं होतं" हे पहिलं वाक्य असणार, ते मला आत्ताच ऐकू येतंय.

गोदाकाठची सिस्टर: ताई, हे पटलं. म्हणजे त्याच कागदात हेही हवं की सूत्रं घेणारीकडे त्या वेळी एकही पेशंट नसेल, आणि जवळ राहणाऱ्या सिस्टरना घरून बोलवायची यादी आधीच तयार असेल.

रात्रपाळीचा सर्जन: यादी आणि मनगटावरच्या नंबरला माझा पाठिंबा. सूत्रांवर अजून नाही. एक ड्रिल रात्री २ वाजता घ्या, दिवसा ११ ला नको, मग बोलू.