'टू'नंतर 'मीटिंग' का?

'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू' यात 'टू'नंतर नुसतं 'मीट' का नाही, हा प्रश्न रास्त आहे. शाळेत 'टू'पुढे मूळ क्रियापद, एवढंच डोक्यात पक्कं बसतं. पण हा 'टू' आपल्या 'कडे'सारखा आहे, त्याला नाम लागतं. आपणही 'भेटण्याकडे डोळे लागलेत' म्हणतो, 'भेटकडे' नाही!

माझी पारख अशी: 'टू'पुढे 'दॅट' ठेवून बघायचं. 'लुक फॉरवर्ड टू दॅट' बरोबर वाटतं, म्हणजे तिथे 'इंग' येणार. 'वाँट टू दॅट' होत नाही, तिथे मूळ रूपच. 'यूज्ड टू'ला मात्र जपा. 'आय यूज्ड टू ड्राइव्ह' म्हणजे पूर्वी गाडी चालवायचो, आणि 'आय अ‍ॅम यूज्ड टू ड्रायव्हिंग' म्हणजे चालवायची सवय आहे. एका 'अ‍ॅम'ने सगळा अर्थ फिरतो.