लष्करी मोहिमेसाठी लागणाऱ्या पुरवठ्याचा अंदाज कसा बांधतात?

मुलुंडकर
नमस्कार. भिवंडीतील एका गोदामात मी मालाच्या मागणीचे अंदाज बांधतो. मागील काही वर्षांची विक्री, सणासुदीचे दिवस आणि पुरवठादाराला लागणारा वेळ हाताशी असला की पुढच्या तिमाहीचा आकडा बऱ्यापैकी जमतो. सैन्याच्या बाबतीत मात्र मागील लढाई जुनी, प्रदेश वेगळा आणि शस्त्रेही बदललेली असतात. मग अंदाजाला आधार कशाचा? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कांदिवली_पूर्व
माझी नोकरी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये झाली, म्हणून शिधा आणि इंधनापुरते लिहितो. शिध्याचे गणित त्यातल्या त्यात सरळ आहे, कारण माणशी रोजचे प्रमाण ठरलेले असते. प्रश्न असतो तो दिवस किती धरायचे याचा. लडाखकडे जाणारी झोजिला खिंड बर्फाने बंद होते, म्हणून हिवाळ्याचा साठा उन्हाळ्यातच वर चढवावा लागतो आणि खिंड उशिरा उघडली तर, याचेही दिवस त्यात धरावे लागतात. सीमा रस्ते संघटना अलीकडे ती पूर्वीपेक्षा बरीच लवकर मोकळी करते, पण तेवढ्यावर विसंबून साठा कमी करणे मला तरी मान्य नाही.

इंधनाचे गणित इतके सरळ नाही. घाटात गाडी सपाटीपेक्षा कितीतरी जास्त डिझेल खाते, थंडी वाढली की बुखारीचे, म्हणजे खोली उबदार ठेवणाऱ्या शेगडीचे, रॉकेल वाढते, आणि साधे डिझेल तिथे गोठते. उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारे डिझेल लडाखमध्ये 2019 मध्ये आले. शिवाय माल वर नेणारी गाडीही वाटेत इंधन जाळते. ते धरायचे राहिले, तर कागदावरचा साठा चौकीपर्यंत पोहोचतच नाही.

सांख्यिकी_दादर
दारूगोळ्याच्या बाबतीत सरासरी किती फसवी ठरते, हे कारगिलच्या आकड्यांवरून दिसते. 1999 च्या त्या लढाईत आपल्या तोफखान्याने एकूण 2,50,000 हून अधिक तोफगोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागली. रोजचे प्रमाण साधारण 5,000 होते, पण टायगर हिल परत घेतली त्या दिवशी 9,000 तोफगोळे लागले. सरासरीवर साठा ठेवणारा नेमका त्याच दिवशी उघडा पडला असता. म्हणून अंदाज मागील खपावरून न बांधता पुढील योजनेवरून बांधावा लागतो: किती तोफा, कोणते लक्ष्य, दर तोफेमागे रोज किती गोळे.

सुट्या भागांचा प्रश्न आणखी निराळा आहे. एखाद्या भागाला महिनोन्‌महिने मागणी नसते आणि मग एकदम चार नग लागतात. अशा मागणीसाठी क्रॉस्टन यांनी 1972 मध्ये एक पद्धत मांडली, ज्यात दोन मागण्यांमधले अंतर आणि प्रत्येक मागणीचा आकार यांचे अंदाज वेगवेगळे काढतात. आपल्या गोदामातील क्वचित खपणाऱ्या मालालाही ती लागू पडेल.

मुलुंडकर
दोघांचेही मनःपूर्वक आभार. दारूगोळा 40 दिवस पुरेल इतका असावा, असे वाचनात येते. हा आकडा कुठून येतो?

कांदिवली_पूर्व
2015 मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात तो आहे, आणि तो 40 दिवसांच्या घनघोर युद्धाचा आहे. युद्ध तितकेच दिवस चालेल, असे भाकीत त्यात नाही. कारखाने पूर्ण क्षमतेने चालू होईपर्यंत किंवा बाहेरून माल येईपर्यंत तग धरता यावा, हा अशा राखीव साठ्याचा हेतू असतो. त्यामुळे उत्पादनाला लागणारा वेळ बदलला की हा आकडाही पुन्हा तपासायला हवा. दारूगोळ्याला मुदत असते, हेही विसरता येत नाही: जुना साठा आधी सरावात वापरून त्या जागी नवा भरावा लागतो, म्हणजे देवळालीच्या तोफखाना शाळेतील सरावाचा खपसुद्धा याच हिशेबात बसवावा लागतो.