निवांत किनाऱ्यावर समुद्रात पोहायचं की नाही?

केळशीचा_पाहुणा
गेल्या आठवड्यात अष्टमीला कोकणात केळशीला होतो. सकाळचे सात, अख्ख्या पुळणीवर चिटपाखरू नाही, मी पोहत होतो तर एक आजोबा हातवारे करत धावत आले, आधी बाहेर या म्हणाले. मी आलो, पण खरं सांगू, पटलं नाही. मला पोहता येतं, कमरेला केशरी फुगा बांधलेला, बायको काठावर बसलेली, छातीच्या वर पाणी जाऊ देत नाही, आणि पाणी चांगलं वर होतं म्हणजे भरतीच होती ना? सरसकट मनाई करण्यापेक्षा लोकांना शिकवा.

खाडीपलीकडचा
दादा, आजोबा बरोबर होते. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी म्हणजे आठ गुणिले पाऊण, सहा. तुम्ही सातला उतरलात म्हणजे पाणी वर दिसत होतं पण ओहोटी लागून तास झाला होता. त्यात भारजा नदीचं मुख जवळ, खाडीत शिरलेलं सगळं पाणी त्याच तोंडातून बाहेर पडतं. तिथे नुसतं घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहा, टाचेखालची वाळू सरकताना कळेल. भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी जोराची भरती होती म्हणून ओढ कमी, पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला असं चुकलात तर फुगा बांधलेला माणूस फुग्यासकट बाहेर जातो.

सातारची_माई
मी तर म्हणते जीवरक्षक नसेल तिथे उतरायचंच नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुड-जंजिऱ्याला पुण्याच्या सहलीतली १४ मुलं गेली, पाऊस नाही, वादळ नाही. गोव्यात निदान २००८ पासून दृष्टी कंपनीचे जीवरक्षक आहेत, झेंडे असतात, आपल्याकडच्या शांत किनाऱ्यांवर हाक मारली तर ऐकणार कोण?

तलाव_ते_समुद्र
माई, दुःख खरंय पण बंदीने काय होतं, फलक दिसला की पोरं पुढच्या किनाऱ्यावर जातात. मुळात ओढ ओळखायला शिकवलंच जात नाही. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मध्येच एक पट्टा सपाट, जरा गढूळ, फेस आत समुद्राकडे वाहत चाललाय, लोकांना वाटतं हीच सेफ जागा आणि नेमके तिथेच उतरतात. अडकलात तर काठाकडे झुंजू नका, कितीही चांगला पोहणारा दमतो. ती ओढ खाली नेत नाही, बाहेर नेते, म्हणून किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्यातून बाहेर पडा आणि मग लाटांबरोबर या. दम लागला तर उताणं तरंगा, हात वर करा. आणि उथळ पाण्यात पाय घासत चाला, वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, बसलेलं असतं, त्यावर पाय पडला तर काटा मारतं.

केळशीचा_पाहुणा
तिथीचा हिशोब मला माहीतच नव्हता. वर असलेलं पाणी आणि चढतं पाणी यात मी गल्लत केली, आजोबांना जाऊन सांगणार. पण माई, समुद्र सोडणार नाही, चढत्या भरतीत आणि मुखापासून लांबच उतरणार.

सातारची_माई
तुम्ही उतराल हो हिशोब करून, तुमचं बघून मागून उतरणाऱ्याला तिथी कोण सांगणार? माझं मत तेच.

खाडीपलीकडचा
माईंचं खोटं नाही. आणि नुसत्या तिथीवरही जाऊ नका, पावसाळ्यानंतर वाळूतले चर दरवर्षी जागा बदलतात, गेल्या वर्षीची जागा यंदा चालेलच असं नाही. पुढच्या वेळी उतरायच्या आधी वाडीत या, होडीवाले सांगतील कुठे उतरायचं. ओहोटी लागली की मात्र आम्हीही ओरडणार.